वॉटर-फेड पोल वरच्या खिडकीला पुरत नाही? लांब पोल घेण्याआधी हे तपासा

जमिनीवर उभे राहायचे, पाइप ओवलेल्या लांब पोलच्या टोकाला बसवलेल्या ब्रशने वरच्या मजल्याची काच घासायची आणि त्याच ब्रशमधून येणाऱ्या शुद्ध पाण्याने ती धुवायची. काच पुसायची नाही, तशीच वाळू द्यायची. शिडीवर चढावे लागत नाही, म्हणून घरगुती खिडक्यांसाठी ही वॉटर-फेड पोलची पद्धत उत्तम आहे. तरी एक तक्रार हटकून येते: "वरच्या खिडकीला पोल पुरत नाही, आता लांब घ्यावा लागणार." मग लांब पोल येतो आणि थोड्याच दिवसांत तक्रार बदलते. पोल झुलतो, खांदे भरून येतात आणि काचेवरचे डाग मात्र होते तिथेच असतात.

पोलची लांबी फुकट मिळत नाही. प्रत्येक जादा मीटरबरोबर वजन येते, लवचीकपणा वाढतो आणि ब्रशवरचा ताबा कमी होतो. म्हणून रोजच्या कामातली सर्वांत उंच खिडकी ज्याने आरामात होते असा सर्वांत आखूड पोल घ्यावा आणि त्यात थोडी लांबी राखीव असावी. तसा पोल हातात असूनही वरची खिडकी साफ होत नसेल, तर दोष बहुतेक वेळा लांबीत नसतो.

लक्षणे

- काचेच्या वरच्या कडेला चार बोटांचा पट्टा मळकट राहतो, बाकीची काच स्वच्छ.
- वाळल्यावर पूर्ण काचेवर पांढरट ठिपके दिसतात.
- धुऊन दहा-पंधरा मिनिटे झाल्यावर वरच्या चौकटीतून काळपट ओघळ उतरतात.
- पोल पूर्ण उघडला तरी ब्रश वीतभर खाली राहतो.
- सुरुवातीला ब्रश पोहोचतो, पण घासता घासता पोल आपोआप आखूड होत जातो.
- ब्रश काचेला सपाट टेकत नाही, एकच कड घासली जाते.
- पोल मधोमध वाकतो आणि ब्रश काचेवर उड्या मारतो.
- ब्रश वर गेला की पाण्याची धार मंदावते.
- अर्ध्या तासात मान, खांदा किंवा मनगट दुखू लागते.

यातले फक्त चौथे लक्षण सरळ लांबीकडे बोट दाखवते, आणि त्यालाही दुसरी कारणे असू शकतात. मान-खांद्याचे दुखणे तर बऱ्याचदा पोल गरजेपेक्षा लांब असल्याची खूण असते.

पोल उभा करण्याआधी वर बघा

ही तपासणी क्रमाने येत नाही, ती प्रत्येक वेळी पहिली करायची. घरावरून किंवा शेजारून विजेची उघडी तार जात असेल, तर पोल उघडूच नका. कार्बन फायबर आणि अॅल्युमिनियम दोन्ही वीज वाहून नेतात. फायबरग्लास कोरडा असताना बराच सुरक्षित असतो, पण पोल बाहेरून ओला, आत पाण्याचा पाइप आणि हात ओले असताना त्या सुरक्षिततेवर विसंबता येत नाही. पोल हातातून सुटून कोणत्याही दिशेला पडला तर कुठवर पोहोचेल ते बघा. पूर्ण उघडलेली लांबी अधिक किमान तीन मीटर, एवढ्या घेरात तार नको. उच्च दाबाच्या वाहिनीसाठी तीन मीटरही पुरेसे नाहीत.

पहिली तपासणी: डाग पाण्याचे की पोहोचीचे?

याला काही खर्च नाही, फक्त काच वाळेपर्यंत थांबायचे. त्याच पोलने, त्याच ब्रशने आणि त्याच पाण्याने तळमजल्याची एक काच धुवा. हाताशी असलेल्या या काचेवरही ठिपके पडले, तर पोलची लांबी हा प्रश्नच नाही. पाणी अशुद्ध आहे.

या पद्धतीत काच पुसली जात नाही, त्यामुळे पाण्यात विरघळलेला प्रत्येक क्षार वाळल्यावर काचेवरच राहतो. टीडीएस मीटरने पाणी मोजा. आकडा ० पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत किती भाग क्षार) असावा, १० पर्यंत चालतो, २० च्या पुढे गेला की ठिपके दिसू लागतात आणि काळ्या काचेवर किंवा उन्हात ते आधी उठून दिसतात. मोजायचे पाणी टाकीतले नको, ब्रशमधून येणारे हवे. टाकीत शुद्ध दिसणारे पाणी जुन्या पाइपातून जाताना किंवा फिल्टरची जोडणी गळत असेल तर बिघडू शकते. आरओने क्षारांचा मोठा भाग निघतो आणि उरलेला डीआय रेझिन, म्हणजे क्षार धरून ठेवणारे बारीक मणी, पकडते. रेझिन संपत आले की आकडा आधी बराच काळ शून्यावर असतो आणि मग भराभर चढतो. त्यामुळे मागच्या आठवड्यात मोजले होते, हे पुरत नाही.

तळमजल्याची काच स्वच्छ वाळली, पण वर ओघळ येत आहेत, तर वरच्या चौकटीकडे लक्ष द्या. काचेच्या कडेचे रबर, चौकटीची खाच आणि हवा येण्यासाठी ठेवलेली झडप यांत धूळ साठलेली असते. घासताना तिथे पाणी शिरते आणि तुम्ही पुढच्या खिडकीकडे गेलात की ते मळ घेऊन खाली उतरते. यावर क्रम बदलणे हाच उपाय. आधी सगळ्या चौकटींची वरची बाजू घासून धुवा, दुसऱ्या खिडकीवर काम करा, मग परत येऊन काच घासा आणि शेवटी वरून खाली भरपूर पाणी सोडा. बऱ्याच वर्षांनी पहिल्यांदाच धुतली जाणारी खिडकी एका खेपेत निर्दोष होत नाही. दुसऱ्या खेपेची तयारी ठेवा.

काच स्वच्छ आणि फक्त वरचा पट्टा मळका असेल, तेव्हाच पुढे चला.

दुसरी तपासणी: तुम्ही कुठे उभे आहात?

सर्वांत जास्त पोहोच इथेच वाया जाते, आणि ती परत मिळवायला खर्च शून्य आहे. पोल तिरका धरला की त्याची सगळी लांबी उंचीत येत नाही. खालचा हात कमरेच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे १ मीटरवर धरू. त्या हाताच्या वर पोलची ६ मीटर लांबी आहे. आता जमिनीशी होणारा कोन बदलून बघा:

- ७० अंशांवर ब्रश ६.६ मीटरवर पोहोचतो, आणि तुम्ही भिंतीपासून सुमारे २ मीटर लांब असता.
- ६० अंशांवर ६.२ मीटर, अंतर ३ मीटर.
- ४५ अंशांवर जेमतेम ५.२ मीटर, अंतर सव्वाचार मीटर.

७० ऐवजी ४५ अंशांवर उभे राहिलात तर १.४ मीटर उंची गेली. बहुतेक पोलचा जवळपास एक अख्खा सेक्शन, म्हणजे एकमेकांत सरकणाऱ्या नळ्यांपैकी एक नळी, एवढ्याच लांबीचा असतो. पाण्याचे शिंतोडे अंगावर येऊ नयेत किंवा मान कमी मागे टाकावी लागावी म्हणून माणूस नकळत मागे सरकतो, आणि पोल आखूड वाटू लागतो.

मग भिंतीला चिकटून का उभे राहू नये? ७० वरून ८० अंशांवर गेल्याने उंची फक्त २७ सेंटीमीटरच्या आसपास वाढते. त्यासाठी मान पूर्ण मागे टाकावी लागते, पाणी डोक्यावर येते आणि ब्रश काचेवर दाबला जाण्याऐवजी नुसता सरकतो. घरगुती कामाला ६० ते ७० अंश हा पट्टा योग्य. जमिनीवर खडूने किंवा एखादा दगड ठेवून उभे राहायची जागा ठरवून घ्या. दोन-चार खिडक्यांनंतर ती पायांना आपोआप कळते.

तिसरी तपासणी: उंची मोजली आहे का, की नुसती अंदाजाने?

खालून बघताना उंचीचा अंदाज चुकतोच. "दोन मजल्यांना अमुक फूट" हा हिशेबही फसवा आहे, कारण मजल्याची उंची, जोत्याची उंची आणि खिडकीची जागा प्रत्येक घरात निराळी असते.

साधी रीत: फोनमधले कोन मोजण्याचे साधन उघडा. त्यातून चौकटीची वरची कड बरोबर ४५ अंशांवर दिसेपर्यंत मागे-पुढे सरका. तिथून भिंतीपर्यंतचे आडवे अंतर मोजा आणि त्यात डोळ्यांची उंची मिळवा. अंतर ३.९ मीटर आणि डोळे १.५ मीटरवर असतील, तर चौकटीची वरची कड ५.४ मीटरवर आहे. पोल हाताशी असेल तर त्याच्या टोकाला टेपची कडी अडकवून सरळ वर चढवली तरी चालते.

उंची भिंतीच्या पायथ्यापासून मोजायची नसते. जिथे तुम्ही उभे राहणार, तिथल्या जमिनीपासून मोजायची. उतारावरच्या घरात मागच्या बाजूची जमीन अर्धा मीटर खाली असेल, तर तीच खिडकी मागून अर्धा मीटर उंच होते. पुढून पोल पुरतो आणि मागून पुरत नाही, या कोड्याचे उत्तर बहुतेक वेळा हेच असते.

खिडकीखाली पुढे आलेले छप्पर, पोर्च किंवा रुंद फुलबाग असेल तर हिशेब पूर्ण बदलतो, कारण तिथे कोन तुम्ही निवडत नाही, अडथळा निवडतो. समजा चौकटीच्या वर १० सेंटीमीटर धरून ५.५ मीटर गाठायचे आहेत. खालचा हात १ मीटरवर, म्हणजे वर चढायचे ४.५ मीटर. मोकळ्या भिंतीसमोर ७० अंशांवर हाताच्या वर ४.८ मीटर पोल पुरतो. मध्ये ३ मीटर रुंद पोर्च असल्याने साडेतीन मीटर मागे उभे राहावे लागले, तर तोच आकडा ५.७ मीटर होतो आणि कोन ५२ अंशांवर येतो. पोर्च ४ मीटरचा असून साडेचार मीटर मागे जावे लागले, तर ६.४ मीटर. खिडकी तीच, उंची तीच, पण पोल १.६ मीटर जास्त लागला. घरात अशी एक जरी खिडकी असेल तरी लांबीचा हिशेब तिच्यावरून करा, सर्वांत उंच खिडकीवरून नव्हे.

चौथी तपासणी: पोल खरोखर पूर्ण उघडतो आणि उघडा राहतो का?

पोल जमिनीवर आडवा ठेवून एकेक सेक्शन खुणेपर्यंत ओढा आणि एकूण लांबी टेपने मोजा. छापील आकड्यापेक्षा ती कमी भरली तर तीन ठिकाणी बघा.

पहिले, आतला पाइप. पोलमधून जाणारा पाइप बुडाशी आखूड ठेवलेला असेल, तर सेक्शन उघडताना तो ताणला जातो आणि शेवटचा सेक्शन अर्ध्यावर अडतो. जोर लावला तर ब्रशजवळची जोडणी निसटते. पोल पूर्ण उघडल्यावरही बुडाबाहेर किमान दीड ते दोन मीटर पाइप मोकळा राहायला हवा. पाइप बदलणे स्वस्त आहे, पोल बदलणे नाही.

दुसरे, क्लॅम्प, म्हणजे उघडलेला सेक्शन जागी धरून ठेवणारी पकड. घासण्याच्या प्रत्येक धक्क्याने सेक्शन थोडा थोडा आत सरकत असेल, तर क्लॅम्प सैल आहे किंवा त्यात वाळूचे कण गेले आहेत. आधी साध्या पाण्याने धुवा आणि फडक्याने पुसा. तेल, ग्रीस किंवा सिलिकॉन अजिबात लावू नका, पकड घर्षणावरच चालते. तरीही सरकत असेल तर क्लॅम्पचा स्क्रू पाव फेरा आवळून बघा, मग आणखी पाव. लिव्हर बोटांच्या जोराने बंद व्हावा, तळहाताने ठोकावा लागू नये. जास्त आवळल्याने कार्बनची नळी चिरते, आणि ती चीर सुरुवातीला डोळ्यांना दिसतही नाही.

तिसरे, मर्यादेची खूण. सेक्शन एकमेकांत किती राहायला हवेत, हे दाखवणारी रेघ किंवा अडसर असतो. "अजून चार बोटे मिळतील" म्हणून त्या खुणेच्या पुढे सेक्शन ओढू नका. दोन नळ्यांची पकड कमी झाली की सगळा भार एका अरुंद कडेवर येतो आणि नळी नेमकी तिथेच फुटते.

उघडण्याचा क्रमही महत्त्वाचा. पोल उभा धरायचा, ब्रश भिंतीला टेकवायचा आणि सर्वांत वरचा, बारीक सेक्शन आधी उघडायचा. मग त्याच्या खालचा. असे केले तर पुढचा क्लॅम्प नेहमी हाताच्या टप्प्यात राहतो. खालचा जाड सेक्शन आधी उघडला तर वरचे क्लॅम्प हाताबाहेर जातात. आणि पूर्ण उघडलेला पोल जमिनीवरून एकदम उभा करू नका. त्या क्षणी पोलवर आणि पाठीवर पडणारा ताण प्रत्यक्ष कामापेक्षा कितीतरी जास्त असतो.

पाचवी तपासणी: ब्रशचा कोन

ब्रश पोहोचतो पण वरचा पट्टा सुटतो, याचे कारण बऱ्याचदा इथे सापडते. पोल ७० अंशांवर असताना सपाट बसणारा ब्रश ४५ अंशांवर फक्त एका कडेने टेकतो. वर काय चालले आहे ते खालून दिसत नाही, म्हणून कोन जमिनीवरच लावून घ्या. थोडा उघडलेला पोल तळमजल्याच्या काचेला त्याच उतारात टेकवा, ब्रशचे सगळे केस एकदम टेकतात का ते बघा, आणि ब्रशचा सांधा तसा फिरवून घट्ट करा.

काच भिंतीत खोल बसलेली असेल किंवा खालची कड बरीच पुढे आली असेल, तर पोल त्या कडेवर अडतो आणि ब्रश काचेपासून सुटतो. इथे लांब पोल काही कामाचा नाही. पोल आणि ब्रश यांच्यामध्ये बसणारा वाकडा तुकडा, म्हणजे गूजनेक, लावला की ब्रश कडेवरून आत जातो. मात्र गूजनेक जितका लांब, तितके टोकावरचे वजन जास्त आणि ब्रश फिरण्याची ओढही जास्त. त्यामुळे अडथळा ओलांडेल एवढाच आखूड तुकडा घ्या.

ब्रश बदलताना तो आधी पाण्यात बुडवून मग वजन करा. नैसर्गिक केसांचा दाट ब्रश काच छान घासतो, पण पाणी पिऊन जड होतो. आठ-नऊ मीटरवर तेच वजन पोल वाकवते. उंचावर हलका, कृत्रिम केसांचा, २५ ते ३० सेंटीमीटर रुंद ब्रश बरा. रुंद ब्रश तळमजल्यासाठी ठेवा.

सहावी तपासणी: पाणी वर पोहोचते का?

दर १० मीटर उंचीला पाण्याचा सुमारे १ बार दाब खर्ची पडतो, म्हणजे ६ मीटरवर ०.६ बार. सरळ नळाला फिल्टर जोडून काम करत असाल आणि नळाचा दाबच १ बारच्या आसपास असेल, तर वर फारसे काही उरत नाही. जे उरते ते पाइपाच्या घर्षणात जाते. मग मळ सुटतो पण धुऊन जात नाही, आणि काच पाहणाऱ्याला वाटते की ब्रश पोहोचलाच नाही.

ब्रश जमिनीवर बादलीत धरून एक मिनिट पाणी सोडा. दीड ते दोन लिटर मिळायला हवे. त्यापेक्षा कमी असेल तर आधी पाइपाला कुठे मुरड पडली आहे का ते बघा, मग ब्रशची छिद्रे सुईने मोकळी करा, मग फिल्टर. जमिनीवर पाणी पुरेसे आणि वर धार केसांवरून नुसती ओघळत असेल, तर दाब कमी पडतो आहे. पंप लावा, किंवा असलेल्या पंपाच्या नियंत्रकावरचा प्रवाह वाढवा. नियंत्रकाची अडथळा ओळखण्याची संवेदनशीलता फार तीव्र ठेवलेली असेल, तर उंचीमुळे वाढलेला दाबही त्याला तुंबलेला पाइप वाटतो आणि पंप मध्येच थांबतो.

आतल्या पाइपाचा व्यास ५ ऐवजी ६ मिलिमीटर केला तर त्याच प्रवाहाला घर्षण निम्म्याहून कमी होते. पण वजन थोडे वाढते. ७ मीटरच्या पोलमध्ये ६ मिलिमीटरच्या पाइपात सुमारे २०० ग्रॅम पाणी असते, ५ मिलिमीटरच्या पाइपात १४० ग्रॅमच्या आसपास. मोठ्या उंचीवर हे ६० ग्रॅमही मनगटाला जाणवतात.

सातवी तपासणी: पोल आखूड आहे की मऊ?

मऊ पोल वाकला की ब्रश काचेवरून मागे येतो आणि वरची कड सुटते. वापरणारा म्हणतो, पोहोचत नाही. प्रत्यक्षात लांबी आहे, ताठपणा नाही.

एकाच जाडीच्या आणि एकाच धातूच्या किंवा फायबरच्या नळीला टोकाशी तेच वजन लावले, तर लांबी दीडपट केल्यावर ती सुमारे ३.४ पट वाकते आणि दुप्पट केल्यावर आठपट. म्हणून "दोनच मीटर जास्त" ही किरकोळ गोष्ट नाही. पाच मीटरपर्यंत अॅल्युमिनियम किंवा फायबरग्लास निभावून नेतो. सहा-सात मीटरला फायबरग्लास आणि कार्बन यांचे मिश्रण असलेला पोल हातात स्पष्टपणे हलका आणि ताठ लागतो. त्याच्या पुढे पूर्ण कार्बनच घ्यावा, तिथे दुसरा पर्याय सुचवणे मला योग्य वाटत नाही.

तपासायची रीत: पोल लागणाऱ्या लांबीपर्यंत उघडून भिंतीला टेकवा आणि मनगटाने आडवा झटका द्या. हात थांबल्यानंतरही ब्रश दोन-तीन वेळा इकडेतिकडे झुलत राहिला, तर त्या उंचीला तो पोल योग्य नाही. आधी हलका ब्रश आणि आखूड गूजनेक लावून पुन्हा बघा. फरक पडला नाही तरच पोल बदलण्याचा विचार करा. सेक्शनची संख्याही बघा. जास्त सेक्शन म्हणजे मिटल्यावर आखूड आणि अरुंद बोळात वळवायला सोपा, पण प्रत्येक सांध्यात थोडी हालचाल असते आणि ती सगळी टोकाशी एकत्र येते.

आता लांबी ठरवा

वरचे सगळे तपासून झाले आणि अंतर खरोखर उरले असेल, तर हा हिशेब करा. चौकटीच्या वरच्या कडेच्या उंचीत ०.१ मीटर मिळवा. त्यातून हाताचा १ मीटर वजा करा. उत्तराला ०.९४ ने भागा, हा ७० अंशांचा आकडा आहे. त्यात खालच्या हाताखाली राहणाऱ्या पोलचे ०.३ मीटर मिळवा. शेवटी अर्ध्या सेक्शनची, म्हणजे सुमारे ०.७ मीटर, राखीव लांबी धरा. शेवटचा सेक्शन रोज पूर्ण ताणलेला असणे पोलसाठी वाईट, आणि उभे राहायची जागा दर वेळी आपल्या मनासारखी मिळत नाही.

तळमजला अधिक एक मजला, चौकटीची कड ५.४ मीटरवर: ४.५ ÷ ०.९४ = ४.८, अधिक ०.३, अधिक ०.७. म्हणजे ५.८, पोल ६ मीटरचा किंवा २० फुटी. तळमजला अधिक दोन मजले, कड ८.४ मीटरवर: ७.५ ÷ ०.९४ = ८, अधिक १. म्हणजे ९ मीटरचा किंवा ३० फुटी. पोर्चच्या खिडकीला ०.९४ चा आकडा लागू नाही. तिथे वर चढायची उंची आणि आडवे अंतर यांचे वर्ग करून बेरीज करा, तिचे वर्गमूळ काढा, मग ०.३ आणि ०.७ मिळवा.

घेताना वेष्टनावरचा आकडा नीट वाचा. काही ठिकाणी पोलची खरी लांबी छापतात, तर काही ठिकाणी माणसाची उंची धरून होणारी पोहोच. दोन्हींत दीड मीटरचा फरक सहज पडतो.

बहुतेक काम पहिल्या मजल्यापर्यंतचे आणि एखादीच खिडकी दुसऱ्या मजल्यावरची असेल, तर ९ मीटरचा पोल रोज वापरू नका. वरून उघडत गेल्यावर न उघडलेले जाड सेक्शन हातात तसेच राहतात आणि त्यांचे वजन दिवसभर उचलावे लागते. ६ मीटरचा रोजचा पोल आणि त्याच्या बुडाला जोडायचा जादा सेक्शन, किंवा सरळ दोन वेगळे पोल, हे जास्त चांगले. जादा सेक्शन त्याच बनावटीचा आणि त्याच मालिकेचा घ्या, कारण नळीच्या व्यासात मिलिमीटरचाही फरक चालत नाही. तो नेहमी बुडाशी जोडायचा, टोकाशी नाही. लांब पोलचे जाड सेक्शन काढता येत असतील तर खालच्या मजल्यांसाठी ते काढूनच ठेवा.

इथे थांबा आणि व्यावसायिकाला बोलवा

- विजेची तार वर सांगितलेल्या घेरात असेल. इथे कोणताही पोल, कोणतीही युक्ती चालत नाही. वीज कंपनीशी बोलल्याशिवाय व्यावसायिकानेही पोल उघडू नये.
- हिशेबाने १० मीटरपेक्षा लांब पोल लागत असेल. त्या उंचीवर पोल सांभाळणे हे वेगळे कौशल्य आहे, आणि पोल सुटला तर खालच्या माणसाला गंभीर इजा होऊ शकते.
- पोहोच वाढवण्यासाठी शिडीवर, स्टुलावर किंवा छपरावर उभे राहून पोल धरावा लागत असेल. दोन्ही हात पोलमध्ये गुंतलेले असताना तोल सावरायला हात उरत नाही.
- खिडकीखाली काचेचे छप्पर असेल किंवा वर्दळीची पायवाट असून ती अडवून ठेवता येत नसेल.
- तावदान हलत असेल, काचेला तडा असेल, कडेची लुकण सुटलेली असेल किंवा शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या जुन्या काचा असतील. ब्रशच्या दाबाने काच निसटू शकते आणि पाणी आत शिरते.
- लहान झाडे वाऱ्याने डोलू लागली असतील, म्हणजे वारा ताशी ३० किलोमीटरच्या आसपास असेल. अशा वेळी पोल खाली घ्या. गडगडाट ऐकू आला तर लगेच.
- पोलमधून करकर आवाज येत असेल, नळीवर पांढरट रेघ दिसत असेल किंवा कार्बनचे धागे वर आले असतील. चिकटपट्टी गुंडाळून काम चालवू नका. तो सेक्शन बाद करा, हातमोज्यांशिवाय हात लावू नका आणि घरी कापू किंवा घासू नका. ती बारीक धूळ श्वासात जाऊ नये. सेक्शन बदलण्याचे काम पोल पुरवणाऱ्याकडे द्या.
- आखूड पोल वापरूनही बोटांना मुंग्या येत असतील किंवा खांद्याचे दुखणे रात्रभर टिकत असेल. काम बंद ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

व्यावसायिकाला बोलावताना त्याला पाच गोष्टी आधीच सांगा: चौकटीच्या वरच्या कडेची उंची, भिंतीपासून किती अंतरावर उभे राहता येते, मध्ये काय अडथळा आहे, जमीन सपाट आहे की उताराची, आणि जवळ कुठे विजेची तार आहे का. जमले तर समोरून आणि बाजूने एकेक फोटो पाठवा. एवढे कळले की तो योग्य पोल घेऊन येतो, आणि काम आपल्या आवाक्यातले नसेल तर तसे आधीच सांगतो.